सही परत द्या

विमल परतूरकर यांनी नोकरीची बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर काढली, आणि त्या बत्तीस वर्षांत एकाही कागदावर न वाचता सही केली नाही. साहेब आतून ओरडो की शिपाई दारात ताटकळत उभा राहो, बाई आधी चष्मा पुसायच्या, मग कागद वाचायच्या, मग सही करायच्या आणि सहीखाली तारीख टाकायच्या. निवृत्त झाल्यावर मात्र एका रविवारी उभ्या-उभ्या, डाव्या हातात पोह्यांची कागदी प्लेट धरून, त्यांनी न वाचता सही केली. त्यांच्या आयुष्यातली तशी ती एकच सही. तिनं काय केलं, ते पुढं सांगतो.

सहा वर्षांपूर्वी विमलताई जालन्याच्या पक्षी बघणाऱ्या काही मंडळींबरोबर जाफराबाद तालुक्यातल्या भोकरगव्हाणला गेल्या होत्या. गावाच्या उत्तरेला वनखात्याचं राखीव कुरण आहे, साडेतीनशे एकरांचा उघडा माळ. झाडं म्हणाल तर कडेला चार-दोन बोरी आणि एक वाकडा हिवर. बरोबरची मंडळी म्हणाली, इथं काय बघायचं? तेवढ्यात गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई समोरून आली आणि विमलताईंना म्हणाली, "पाय जपून टाका, ताई. तुमच्या म्होरं अंडी हायती."

विमलताईंनी खाली पाहिलं. त्यांना नुसते खडे दिसले. बाईनं भारा उतरवला, उकिडवं बसून बोट दाखवलं, तेव्हा त्या खड्यांतली चार अंडी दिसली. टिटवीची. ती बाई म्हणजे सगुणाबाई.

त्या दिवसापासून विमलताई जवळजवळ दर रविवारी भोकरगव्हाणला जाऊ लागल्या. सकाळच्या एसटीनं निघायचं, फाट्यावर उतरायचं आणि तिथून जीपनं गावात. सगुणाबाईंनी गावातल्या आठ बाया गोळा केल्या. जालन्याहून विमलताई कुणाला ना कुणाला पकडून आणायच्या. कधी दाताचे डॉक्टर, कधी कॉलेजची पोरं. सगळ्यांनी मिळून गाजरगवत उपटायचं, विलायती बाभळीची रोपं मुळासकट काढायची, उन्हाळ्याआधी वणवा अडवायला जाळरेषा साफ करायच्या. दिवाळीनंतर पवन्या आणि मारवेल गवताचं बी झोडपून गोण्यांत भरून ठेवायचं आणि मृगाच्या तोंडावर उघड्या पडलेल्या जागी ते फोकायचं. या कामाचं कुणी काही देत नव्हतं आणि कुणी मागतही नव्हतं. खात्यानं एवढंच केलं, की बायांना दिवाळीनंतर विळ्यानं गवत कापून नेऊ दिलं. गावातल्या गाई-म्हशींचा चारा त्यावर निघायचा.

पाचव्या वर्षी पवन्या कमरेला लागला. चौदा काळविटांचा कळप होता, तो एकेचाळिसांवर गेला. खोकडानं, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्यानं, बीळ केलं. धाविक पक्षी अंडी घालायला लागला. विमलताई हे सगळं वहीत तारखेनिशी लिहायच्या, आणि घरटी कुठं आहेत ते सगुणाबाई सांगायच्या. त्यांना वहीची गरज नव्हती. साडेतीनशे एकरांतलं कुठलं घरटं कुठल्या दगडाच्या कोणत्या बाजूला आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. घरट्याजवळ त्या बाभळीची काडी रोवून तिला लाल चिंधी बांधायच्या, म्हणजे कुणाचा पाय पडू नये.

दुपारी भाकरी खाऊन झाली की बोरीखाली विमलताई सगुणाबाईंना सही शिकवायच्या. काडीनं मातीत. दोन हिवाळे गेले. 'स' जमला, 'गु'नं फार छळलं, पण शेवटी बँकेत जाऊन सगुणाबाईंनी स्वतःच्या हातानं सही केली आणि त्यांच्या म्हाताऱ्यानं गल्लीत पेढे वाटले.

यंदा फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, रविवारी, तालुक्याचे वनपरिक्षेत्र अधिकारी सोमेश्वर तौर कुरणात आले. नवे होते, वर्षही झालं नव्हतं. चाळिशीच्या आतले, हसतमुख. सोबत वनरक्षक अंगद होता. अंगद पहिल्यापासूनचा, सगळ्या बाया त्याला नावानं हाक मारायच्या. साहेबांनी बायांसाठी पोहे आणि चहा आणला होता. सहा वर्षांत खात्यातलं कुणी कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, त्यामुळं बाया हरखल्या. साहेबांनी छोटं भाषण केलं. तुमच्यासारखे लोक आहेत म्हणून निसर्ग टिकून आहे, असं म्हणाले. मग अंगदनं एका पुठ्ठ्याला लावलेले कागद फिरवले. "हजेरी लावून टाका जल्दी, साहेबांना वर पाठवायचंय."

कागदाचा वरचा भाग कोरा होता. खाली ओळी आखलेल्या होत्या. विमलताईंनी पोह्यांची प्लेट डाव्या हातात घेतली, उजव्या हातानं पहिल्या ओळीवर सही केली आणि सवयीनं खाली तारीख टाकली. त्यांची सही बघून बाकीच्यांनी केल्या. एकतीस सह्या झाल्या. सगुणाबाईंची तिसरी.

मे महिन्यात, सतरा तारखेला, शनिवारी, कुरणात खोदाईचं मशीन शिरलं.

विमलताईंना ते रविवारी कळलं. फाट्यावरून येतानाच जीपमधून धुळीचा लोट दिसला. त्यांना आधी वाटलं, वणवा. मग पिवळं धूड दिसलं. जवळ गेल्यावर दिसल्या खड्ड्यांच्या रांगा, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, सहा-सहा फुटांवर एक. रस्त्यापासून सुरू होऊन पार चढापर्यंत. गवताची गड्डी उलटी होऊन पांढऱ्या मुरमाखाली गाडली गेली होती. रस्त्याकडेच्या दोन ओळींत तर गिरिपुष्पाची रोपंही लावून झाली होती. त्यांना टँकरनं पाणी घातलं होतं. शेजारी नवाकोरा फलक होता: 'हरित भोकरगव्हाण. दहा हजार वृक्षांचा संकल्प.' खाली जालन्याच्या एका कारखान्याचं नाव आणि त्याखाली, 'लोकसहभागातून.'

सगुणाबाई चढावर उभ्या होत्या. बाकीच्या बाया त्यांच्या मागं. टिटव्या मशीनवर झेपावत होत्या, ओरडत होत्या, आणि मशीन पुढं सरकत होतं. सगुणाबाईंच्या हातात लाल चिंध्यांच्या काड्या होत्या. सात. मोडलेल्या.

"सकाळधरनं खोदून राह्यलेत," त्या म्हणाल्या. "काल बी खोदलं. मी म्हनलं ड्रायव्हरला, बाबा, चिंधी दिसती का? तिथं पिल्लं हायती. तर म्हणतो, मला लाइन आखून देली, मी लाइनीनं खोदून राह्यलो."

विमलताई तशाच मशीनपुढं जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. परगावचा माणूस होता, घामानं निथळत होता. त्यानं काही हुज्जत घातली नाही, नुसता अंगदकडं हात केला. अंगद मोटारसायकल उभी करून आला. त्याची नजर वर होत नव्हती.

"अंगद, हे काय चाललंय? कुणाला विचारून?"

"वरून आलंय, ताई. झाडं लावायची हायती."

"कुरणात? गवतात? काळविटांनी काय गिरिपुष्प खायचं? आणि आम्ही सहा वर्षं इथं काय केलं, ते कुणी विचारणार की नाही?"

अंगद बुटानं मुरूम उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला इचारलंय की, ताई. तुमची सही हाये. पहिलीच."

विमलताईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. बायांनी मात्र नीट ऐकलं. सगुणाबाईंनी विमलताईंकडं एकदा पाहिलं, काड्या खाली टाकल्या आणि गावाच्या दिशेनं चालू लागल्या. मागोमाग आठही जणी. विमलताईंना कुणी हाक मारली नाही.

घरी जगन्नाथराव, त्यांचे यजमान, टीव्ही बघत होते. सगळं ऐकून म्हणाले, "विमल, झाडंच लावतायत ना? झाडं लावण्याला कोण विरोध करतं? लोक हसतील तुला."

"हसू देत. अहो, घरट्यावरून मशीन गेलं. आणि माझ्या सहीनं गेलं."

"मग सोड आता. झालं ते झालं."

विमलताई उठून आत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी त्या तालुक्याच्या वन कार्यालयाच्या पायरीवर बसल्या होत्या. तौर साहेबांनी अदबीनं आत बोलावलं, चहा मागवला. विमलताई म्हणाल्या, चहा नको, फाइल दाखवा. साहेबांनी तीही दाखवली, कारण त्यांना वाटत होतं की आपलं सगळं चोख आहे.

तोच कागद होता. वरचा कोरा भाग आता कोरा नव्हता. तिथं टाइप केलेलं होतं: 'आम्ही खाली सही करणारे ग्रामस्थ व स्वयंसेवक, सदर क्षेत्रावर वृक्षलागवड करण्यास स्वखुशीने संमती देत आहोत.' त्याखाली विमल परतूरकर. त्याखाली जालन्याचे डॉक्टर. त्याखाली, प्रत्येक अक्षर वेगळं करून, जपून काढलेलं: सगुणाबाई.

विमलताईंनी मजकूर पुन्हा वाचला. "हा मजकूर तेव्हा नव्हता."

"असं कसं, मॅडम? सही तुमचीच आहे ना?"

"सही माझी आहे. मजकूर माझा नाही. तुमच्या माणसानं हजेरी म्हणून सह्या घेतल्या. ही माणसं तुमच्या कुरणात सहा वर्षं फुकट राबली, आणि त्यांच्या राबण्याची हजेरी तुम्ही त्यांच्याच विरुद्ध वापरली? लाज नाही वाटत?"

"आवाज खाली ठेवा, मॅडम. सरकारी कार्यालय आहे."

"मला सांगू नका सरकारी कार्यालय काय असतं. बत्तीस वर्षं काढलीत मी. माझी सही परत द्या."

तौर हसले. अगदी मनापासून हसले. "सही परत द्यायची तरतूद कुठल्या नियमात आहे, दाखवा. लगेच देतो."

हसता-हसता त्यांनी फाइलची पानं मागं उलटली, लागवडीच्या मंजुरीचं पत्र दाखवायला. आवक-जावक टेबलावर आयुष्य काढलेल्या माणसाला उलटा कागद वाचता येतो. साहेब खात्याची योजना समजावून सांगत होते, आणि विमलताई टेबलापलीकडून मंजुरीचं पत्र उलटं वाचत होत्या. 'स्थानिक ग्रामस्थ व स्वयंसेवक यांची लेखी संमती घेण्यात आली असून ती सोबत जोडली आहे.' वर तारीख: वीस जानेवारी. जावक क्रमांकही होता. त्यांनी तो पाठ केला आणि त्या उठल्या.

बसस्थानकावर येऊन बाकावर बसल्यावर त्यांना पुरतं उमगलं. सह्या नऊ फेब्रुवारीच्या. प्रत्येकाच्या नसली, तरी त्यांच्या स्वतःच्या सहीखाली तारीख होती, आणि ती तौर साहेबांनी पुसली नव्हती, कारण त्यांनी ती वाचलीच नव्हती. मंजुरी वीस जानेवारीची. जी संमती वीस दिवसांनी घेतली, ती आधीच 'सोबत जोडली' होती! विमलताई बाकावर एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या, "चोर आहेत." शेजारी बसलेल्या माणसानं आपली पिशवी जवळ ओढली.

सरळ जालन्याला जाता आलं असतं. पण त्या आधी भोकरगव्हाणच्या जीपमध्ये बसल्या. ज्यांच्या सह्या आपल्यामुळं गेल्या, त्यांना तोंड न दाखवता पुढचं काही करणं त्यांना जमणारं नव्हतं.

सगुणाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. त्यांनी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. विमलताई आपणहून जमिनीवर बसल्या आणि कागदावर काय टाइप केलंय, ते शब्दाशब्दानं सांगितलं.

"हे तवा लिव्हलेलं होतं का?" सगुणाबाईंनी सुपातून नजर न काढता विचारलं.

"नाही. कोरं होतं."

"मंग कोऱ्या कागदावर सही कामून केली?"

"पोहे खात होते," विमलताई म्हणाल्या. 

सगुणाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "ताई, मला अंगठा होता तवाच बरं होतं. अंगठा द्यायच्या आधी मी धा जणांस्नी इचारत होते, कागदात काय लिव्हलंय म्हणून. गावची पोरं वैतागायची माझ्यावर. सही याया लागली आन् इचारणं बंद केलं. म्हनलं, आता आपुन शाने झालो. आन् तुमची सही वर होतीच. तुमच्या सहीखाली सही करायला मला भ्या वाटलं न्हाई."

विमलताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सगुणाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "रडू नका. रडायला मी रिकामी न्हाई. धाविकाची दोन पिल्लं मी परवाच्या दिशी हातानं हलवली असती, तुम्ही एक दिस आधी सांगितलं असतं तर. तुम्हाला बी ठाव नव्हतं, मला बी नव्हतं. आता काय करायचं ते सांगा."

काय करायचं ते विमलताईंनी जीपमध्येच ठरवलं होतं. अर्ज. संमती आम्ही दिलेली नाही, हजेरीच्या नावाखाली सह्या घेतल्या, मंजुरीपत्राचा क्रमांक अमुक, तारीख अमुक, आमच्या सहीची तारीख अमुक. चौकशी होईपर्यंत काम थांबवावं. मंगळवारी सकाळी मारुतीच्या पारावर त्यांनी तो अर्ज मोठ्यानं वाचला. एकदा वाचला. सगुणाबाई म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा वाचला. 'सदर' म्हणजे काय, 'तरतूद' म्हणजे काय, हे बायांनी विचारलं आणि त्यांनी सांगितलं.

नऊ बायांतल्या दोघींच्या घरच्यांनी सही करू दिली नाही. उरलेल्यांपैकी बेबीनंदाचा नवरा त्याच लागवडीवर खड्ड्यांची मापं घ्यायला होता. तो पाराच्या कडेला हाताची घडी घालून उभा होता. म्हणाला, "बेबे, सही केलीस तर उद्याधरनं मला कामावर घेनार न्हाईत."

बेबीनंदा म्हणाली, "पंधरा दिसांचं काम. त्याच्यानंतर म्हशीला काय घालनार हायेस, तुजी टेप?" आणि तिनं सही केली. त्या संध्याकाळी त्यांच्या घरात मोठं भांडण झालं, आणि नवऱ्याचं काम खरंच गेलं. जालन्याच्या मंडळींच्या सह्या घ्यायला विमलताई बुधवारी सकाळपासून उन्हात रिक्षानं घरोघर फिरल्या. डॉक्टरांनी लगेच केली. दोघं म्हणाले, खात्याशी वाकडं नको, तिघं घरी भेटलेच नाहीत. एकूण चोवीस झाल्या.

जिल्ह्याच्या वन कार्यालयात विमलताई आधी अधिकाऱ्यांच्या दाराशी गेल्या नाहीत. आधी आवक टेबलावर गेल्या, अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतला आणि मग भेटीसाठी बसल्या. बुधवारी दुपारी जिल्ह्याच्या वनाधिकारी मॅडम बैठकीत होत्या. गुरुवारी दौऱ्यावर. विमलताई डबा घेऊन बाकावर बसून राहिल्या. दर तासाला सगुणाबाईंचा फोन यायचा. "ताई, मशीन ओढ्यापल्याड गेलं." "ताई, खोकडाच्या बिळापाशी आलं." "ताई, बीळ गेलं." विमलताई फोन ठेवायच्या, शिपायाला विचारायच्या, आल्या का मॅडम? शिपाई म्हणायचा, आजी, उद्या या.

शुक्रवारी मॅडम भेटल्या. अर्ज वरवर चाळून म्हणाल्या, "बाई, कुणी खाण काढत नाही तिथं. झाडं लावतायत. गवत काय, पुन्हा उगवतं."

"खोदलेल्या मुरमावर पवन्या उगवत नाही, मॅडम. गाजरगवत उगवतं. ते आम्ही सहा वर्षं हातानं उपटलं. नख गेलं माझं या बोटाचं. तिथं झाडं नव्हती, ते कुणी तोडली म्हणून नव्हे. ती जागा गवताची आहे. तुमच्याच खात्याच्या फलकावर 'गवताळ राखीव' असं लिहिलंय."

"तुम्ही भावनिक होताय."

"हो. होतेय. पण तारीख भावनिक नाही. तारीख बघा." आणि विमलताईंनी दोन्ही तारखांवर बोट ठेवलं.

मॅडमनी चष्मा लावला. या वेळी नीट वाचलं. मग फोन उचलून तौर साहेबांना फाइल घेऊन बोलावलं. विमलताईंकडं न बघता म्हणाल्या, "बघते."

शनिवार-रविवार सुट्टी होती. कचेरीला सुट्टी, मशीनला नाही. त्या दोन दिवसांत आणखी एक मशीन आणलं आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत खोदलं. काम थांबवण्याचा आदेश यायच्या आधी शक्य तेवढे खड्डे पाडून घ्यायचे, दुसरं काय! रविवारी सगुणाबाई आणि बाया एका मशीनपुढं बसल्या, तर मशीन वळून दुसऱ्या टोकाला गेलं. बाया तिकडं पळाल्या, मशीन पुन्हा इकडं. साठीच्या सगुणाबाई वाळल्या गवतातून मशीनमागं धावतायत, हे विमलताईंनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्या स्वतः धापा टाकत मागं होत्या.

सोमवारी काम थांबवण्याचा आदेश निघाला. मंगळवारी दुपारी दोन्ही मशीनं थांबली. तोवर अकरा दिवस झाले होते आणि तीन हजार एकशे साठ खड्डे.

गावात कुणी फटाके वाजवले नाहीत. एका दैनिकात बातमी आली: 'महिलांच्या विरोधामुळे वृक्षलागवड रखडली.' खाली लोकांनी मोबाइलवर लिहिलं, यांना सावली नको का, अशा बायांना जंगलात सोडा. जालन्यात भाजी घेताना एका ओळखीच्या बाईंनी विमलताईंना थांबवून विचारलं, "तुम्ही झाडांच्या विरुद्ध कधीपासून?" विमलताईंनी भाजी तिथंच ठेवली आणि त्यांना अर्धा तास कुरण समजावलं. त्या बाईंना ते पटलं नाही.

चौकशीचं पत्र जूनमध्ये आलं. चौकशी सुरू आहे, असं त्यात होतं. जुलैत तौर साहेबांची बदली झाली, मोठ्या शहरात, आधीपेक्षा बऱ्या जागी. 'सही परत द्या' म्हणणाऱ्या बाईंवर ते हसले होते, त्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नाही. उघड्या खड्ड्यांचं काय, असं विमलताईंनी लेखी विचारलं. लेखी उत्तर आलं: खड्डे बुजवण्यासाठी तरतूद नाही. रस्त्याकडेच्या दोन ओळींत लावलेल्या दोनशे चौदा रोपांचं काय? ती शासकीय मालमत्ता असून त्यांना इजा केल्यास गुन्हा दाखल होईल. सात घरटी मोडली, त्याबद्दल गुन्हा नव्हता. खोकडाच्या बिळाबद्दल नव्हता. गिरिपुष्पाच्या काटकीला मात्र कायद्याचं संरक्षण होतं. विमलताईंनी ते पत्र जगन्नाथरावांना वाचून दाखवलं. त्यांनी टीव्ही बंद केला. पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं, मग म्हणाले, "रविवारी मी पण येतो. मला खोदता येत नाही, पण भरता येईल."

खड्ड्यांत पावसाचं पाणी साचलं होतं. एका खड्ड्यात काळविटाचं पाडस पाय मोडून पडलं, तेव्हा बायांनी तरतुदीची वाट बघणं सोडलं. घमेली, फावडी, कुदळी घेऊन रविवारी सकाळी सगळ्या कुरणात उतरल्या. ज्या दोघींना सही करू दिली नव्हती, त्याही आल्या. विमलताईंबरोबर जगन्नाथरावही आले होते. बेबीनंदाचा नवराही आला. बायकोपासून चार हात लांब उभा राहून मुरूम ओढत होता. उलट्या पडलेल्या गवताच्या गड्ड्यांतली जी जिवंत होती, ती सगुणाबाई हातानं चाचपून वेगळी काढायच्या आणि खड्डा भरला की वर बसवायच्या. दहांत एखादी जिवंत निघायची.

"हे आपुनच का भरायचं?" बेबीनंदानं मध्येच कुदळ टाकली. "ज्यानं खांदलं त्यो मजेत बसलाय. आन् आपुन इथं चिखलात."

 विमलताईंच्या ओठावर आलं होतं, की आपण नाही भरलं तर कुणीच भरणार नाही. पण हेच वाक्य सहा वर्षं बोलून-बोलून त्यांना त्याचा राग यायला लागला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "बरोबर बोलतेस. मी पुन्हा लिहिणार आहे. दर महिन्याला लिहिणार आहे. पण आज हा खड्डा."

दुपारी अंगद मोटारसायकलवर आला. मशीन आलं त्या रविवारपासून तो बायांच्या समोर आला नव्हता. लांबूनच म्हणाला, "ताई, तेवढ्या रोपांना हात नका लावू बरं का. मला लिहून द्यावं लागतं."

विमलताईंच्या तोंडून काय निघालं असतं, कुणास ठाऊक. पण सगुणाबाई आधीच वळल्या होत्या. हातभर चिखल, कपाळावर चिखल.

"अंग्या," त्या म्हणाल्या, "पुठ्ठा तू फिरवला व्हता. हजेरी म्हनला व्हतास. तुला ठाव व्हतं का न्हाई?"

अंगदनं मान खाली घातली. "अर्धं ठाव होतं, मावशे."

"अर्धं कसं असतं रं?"

 पाऊस भुरभुरत होता. अंगद मोटारसायकलवर तसाच बसून होता, इंजिन चालू.

"जा तरी, न्हाईतर ये तरी," सगुणाबाई म्हणाल्या. "मधी उभं राहू नको. घमेलं न्यायला वाट लागती."

अंगदनं इंजिन बंद केलं. गाडी स्टँडवर लावली, टोपी काढून खिशात कोंबली, आणि बेबीनंदानं टाकलेली कुदळ उचलली. त्याला कुणी शाबासकी दिली नाही, की कुणी हसलं नाही. बेबीनंदानं नुसतं पुढचं घमेलं त्याच्या पायाशी सरकवलं. अंधार पडायच्या आत त्यांनी त्रेसष्ट खड्डे भरले.